पटल्याबिगर न वाजणारा भोंगा

कडावच्या नाक्यावर ते चहा बोटांनी मागवत. एक बोट उभं म्हणजे एक चहा, बोट आडवं म्हणजे बिनसाखरेचा, आणि दोन बोटं एकमेकांना चिकटवली की समोरच्यालाही द्या. टपरीवाल्याला ही भाषा पाठ होती. नव्या माणसाला मात्र वाटायचं, बिचारा मुका दिसतोय. मलाही तसंच वाटलं. पहिल्या भेटीत मी माझं काम त्यांना खाणाखुणांनी सांगायला लागले. हवेत भाताची रोपं लावून दाखवली, पाऊस पाडला, पीक आडवं केलं, शेवटी पैसे मोजल्यासारखा अंगठा बोटांवर घासला. पाच मिनिटं त्यांनी माझे हातवारे मन लावून पाहिले. मग कानाशी वाकून कुजबुजले, "मॅडम, तोंडानं सांगा. मला ऐकायला येतं."

हा मुका दिसणारा माणूस म्हणजे आमच्या भागातला सगळ्यात मोठा आवाज होता. त्यांच्या रिक्षाच्या टपावर दोन भोंगे होते, एक पुढे तोंड करून आणि एक मागे. साड्यांचा सेल, डोळ्यांचं शिबिर, कबड्डीचे सामने, हरवलेली म्हैस, उद्या नळाला पाणी नाही, अमक्या वाडीचे तमके वारले, हे सगळं कर्जतपासून खालापूरपर्यंत लोकांना त्यांच्याच आवाजात कळायचं. खर्जातला, भरदार, घाई नसलेला आवाज. त्या आवाजात म्हैस हरवल्याचं ऐकलं तरी माणसं हातातलं काम ठेवून उभी राहत. पण माईक बंद झाला की ते कुजबुजण्यावर येत. "आवाज म्हंजे पेट्रोल हाय," ते म्हणत. "उभ्या गाडीत कोन जाळतो?" घरीही तसंच. त्यांच्या बायकोला मी एकदा विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आमच्या घरात दोघांचं मीच बोलते. भांडन पन मीच दोन्ही बाजूंनी करते."

सगळे त्यांना भोंगेवाले म्हणत. मी काका म्हणायचे.

मी घाटावरची, सांगोल्याकडची. आमच्याकडे पाऊस न पडून पीक जातं. कृषी सहायक म्हणून पहिलीच नेमणूक कर्जत तालुक्यात झाली आणि इथे पीक पाऊस पडून जातं हे कळायला मला एक हंगाम लागला. माझ्याकडे कडावच्या पुढची गावं आणि वाड्या होत्या. कामं पुष्कळ होती, पण त्या जूनमध्ये एकाच कामाचा तगादा होता: भातवाल्यांना पीक विमा घ्यायला लावा. शेतकऱ्यानं फक्त एक रुपया भरायचा, बाकीचं सरकार भरणार. मला वाटलं, हे काय अवघड आहे?

अवघड तो एक रुपयाच होता. ज्या वस्तूला एक रुपया पडतो तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. "एक रुपयात हल्ली माचिस पन येत नाय," एक आजोबा म्हणाले, "नि तुमी माज्या दोन एकराची हमी देता?" दुसऱ्याला संशय की अंगठा घेऊन सातबारा दुसऱ्याच्या नावावर करतील. तिसरा म्हणाला, आमी वर्षानुवर्षं भात लावतो, नदी नेते ते नेते, उरतं ते खातो, मधी ही कंपनी कशाला? पंधरा दिवसांत माझ्या गावांतून जेमतेम चौदा अर्ज भरले. तालुक्याच्या साहेबांनी बैठकीत ते आकडे मोठ्यानं वाचून दाखवले आणि म्हणाले, "भोंगा लावा."

म्हणून मी भोंगेवाल्यांकडे गेले होते.

साहेबांनी दिलेला मजकूर मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. "अधिसूचित क्षेत्रातील अधिसूचित पिके घेणाऱ्या कर्जदार व बिगर कर्जदार शेतकरी बांधवांनी विहित मुदतीत..."

बोट थांबलं. "अधिसूचित म्हंजे?"

"सरकारनं जाहीर केलेलं."

"मग तसं लिवा ना. विहित?"

"ठरवून दिलेली."

"बांधव म्हंजे बाया सोडून?"

"नाही हो, बायकापण."

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "आनि मॅडम, पीक गेलं तर पैसे खरंच मिळतात?"

"मिळतात."

"कोनाला मिळाले? एक नाव सांगा."

माझ्याकडे नाव नव्हतं. मी म्हणाले, "नियमात आहे."

"नियमात तर हेल्मेट पन हाय," ते कुजबुजले आणि कागद मला परत दिला. "मी नाय बोलनार. पटल्याबिगर मी बोलत नाय."

मला तेव्हा हा नुसता हट्ट वाटला. त्यामागची गोष्ट टपरीवाल्यानं सांगितली. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांनी एका केसांच्या तेलाची जाहिरात केली होती. टकलावर तीन महिन्यांत केस. कंपनीवाल्यानं कागद दिला, त्यांनी तो त्या आवाजात वाचला, आणि तीन आठवड्यांत सगळं तेल संपलं. तेलवाला गेला तो गेलाच. मागे राहिले भोंगेवाले आणि दोन तालुक्यांतली टकलं. लोकांनी तेलवाल्याला कुठे पाहिलं होतं? त्यांच्या लेखी ते तेल या आवाजानं विकलं होतं. कर्जतच्या बाजारात एक म्हातारे होते, ते भांडत नसत, काही बोलत नसत. भोंगेवाले समोरून आले की फक्त डोक्यावरची टोपी काढत, ते पुढे गेले की परत घालत. हे अनेक वर्षं चाललं होतं.

तेव्हापासून ते प्रत्येक गोष्ट स्वतः तपासून मग बोलत. गाद्यांचा सेल असला तर दुपारी दुकानात जाऊन त्या गादीवर तासभर झोपत. खोपोलीच्या बाजूला डोळ्यांचं शिबिर होतं, तर आधी स्वतःचे डोळे तपासून घेतले. चष्मा लागलेला निघाला, तो लावला, मगच जाहिरात केली. कुणी वारल्याचं सांगायला आलं तरी ते आधी घरी जाऊन बघून येत. यावरून एका घराशी त्यांचं वाजलं होतं. पाहुण्यांना वेळेत कळावं म्हणून घरच्यांनी जरा लवकर निरोप धाडला होता. हे उशाशी जाऊन बसले, तर म्हाताऱ्यानं डोळे उघडून पाणी मागितलं. त्यांनी पाणी पाजलं आणि बाहेर येऊन मुलाला म्हणाले, "अजून नाय. सावकाश कळवा." म्हातारे पुढे दोन पावसाळे जगले.

तर अशा माणसाला पीक विमा पटायला हवा होता. दोन दिवसांनी ते स्वतःच माझ्या खोलीवर आले.

"मी विमा उतरवतो. पैसे मिळतात का बघतो. मिळाले तर बोलतो."

"तुम्हाला शेत कुठाय?"

"नाय. घेतो."

त्यांच्या वडिलांची जमीन कधीच गेली होती आणि त्यांनी आयुष्यात भाताचं एक रोप लावलं नव्हतं. पण दुसऱ्याचं शेत कराराने कसणाऱ्यालाही विमा घेता येतो, हे वाक्य त्यांनी माझ्याच कागदातून शोधून काढलं होतं. त्या कागदाचा इतका बारीक अभ्यास मीसुद्धा केला नव्हता.

मी त्यांना हिराकाकींकडे नेलं. हिराकाकी साठीच्या पुढच्या, दोन्ही मुलं खोपोलीला कारखान्यात, आणि शेती एकटीच्या अंगावर रेटणाऱ्या. विम्याला नाही म्हणणाऱ्यांत त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. त्यांची तीन खाचरं होती, त्यातलं सगळ्यात खालचं नदीला लागून.

"मला तो नदीकडचा तुकडा पायजे," भोंगेवाले म्हणाले.

"तो नको रं. दरसाल बुडतो. वरचा घे."

"बुडतो म्हनूनच पायजे."

हिराकाकींनी माझ्याकडे पाहिलं. "बाय, ह्याचं डोकं ठिकानावर हाय ना?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्या बराच वेळ हसल्या आणि म्हणाल्या, "घे. माझं भात नदीनं फुकट नेलं, तुजं तरी एक रुपयात नेईल."

करार नोंदवायला आम्ही तिघं कर्जतच्या कचेरीत गेलो. कारकुनानं जमिनीचा गट नंबर लिहिला, मुदत लिहिली आणि विचारलं, "जमीन कशासाठी घेताय?"

"नुकसानीसाठी," भोंगेवाले कुजबुजले.

कारकुनानं पेन खाली ठेवलं. मी पुढे होऊन म्हणाले, "भात लागवड लिहा."

विम्याची पावती मिळाली तशी त्यांनी ती प्लास्टिकमध्ये घालून रिक्षात आरशाखाली लावली. मी पुन्हा गळ घातली, मुदत संपत आली होती. आता तरी बोला. त्यांनी रात्रभर विचार केला असावा, कारण सकाळी रिक्षा घेऊन आले आणि म्हणाले, "जेवढं खरं हाय तेवढं बोलतो. बसा."

पहिल्या वाडीत शिरताच त्यांनी माईक हातात घेतला आणि तो आवाज सुटला: "ऐका हो. भाताच्या विम्याचं सांगतोय. पीक गेलं तर पैसे देऊ असं कंपनी म्हनते. देते का नाय, मला ठावं नाय. मी माज्या नावानं विमा उतरवलाय, हिराबायचा नदीकडचा तुकडा घेतलाय. पैसे मिळाले तर ह्याच भोंग्यावरनं सांगीन. नाय मिळाले तर ते बी ह्याच भोंग्यावरनं सांगीन. ज्याला एक रुपया घालून बघायचं असंल त्यानं सातबारा नि पासबुक घेऊन कडावला यावं. मुदत म्हैनाअखेर."

हे ऐकून मी रिक्षात डोकं धरून बसले. संध्याकाळपर्यंत साहेबांच्या कानावर गेलंच. फोन आला. "नाय मिळाले तर? सरकारी योजनेच्या प्रचारात नाय मिळाले तर?" मी सॉरी सर, सॉरी सर म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी कडावला, जिथे विम्याचे अर्ज भरत त्या सेवा केंद्रासमोर, रांग लागली. माझ्या आयुष्यातली पहिली रांग. लोक विमा घ्यायला कमी आणि भोंगेवाल्याचं काय होतं त्यात आपणही असावं म्हणून जास्त आले होते. हिराकाकीही आल्या. म्हणाल्या, "माझा तुकडा घेऊन हा पैसे खानार नि मी बघत बसू?" साहेबांचा पुन्हा फोन आला, आकडे विचारायला. यावेळी त्यांनी मजकुराचा विषय काढला नाही.

मग सुरू झाली नुकसानीची वाट बघण्याची चार महिन्यांची नोकरी.

लावणी त्यांच्या बायकोनं शिकवली. त्या खालापूरच्या बाजूच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. चिखलात वाकून त्या सरसर मागे सरकत जायच्या आणि हे एकेक रोप असं लावायचे जसा काही माईक स्टँडला बसवतायत. दोघांचं मिळून ते अर्ध्या एकराचं खाचर लावायला पाच दिवस गेले. हिराकाकी बांधावरून बघत म्हणायच्या, "लाव रं, हळू लाव. नदीला घाई नाय."

जुलैत नदी भरून आली. काका छत्री घेऊन बांधावर बसले, शेजारी मी. पाणी वर चढत चढत बांधाला लागलं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली: आता. पाणी बांधाला दोन तास घासत राहिलं आणि जसं आलं तसं उतरलं. एक थेंब आत आला नाही. गावात म्हणायला लागले, दरसाल येणारी नदी यंदा विम्याला घाबरली.

ऑगस्टमध्ये शेजारच्या दोन खाचरांवर तुडतुडे पडले. यांच्या भाताला काही नाही. मी पानं उलटून उलटून पाहिली. इतकं निरोगी पीक मी त्या भागात दुसरं पाहिलं नव्हतं. "मॅडम, थोडं तरी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही हो. मला उगाच अपराधी वाटलं.

मग रानडुकरं आली. डोंगराच्या अंगानं उतरून त्यांनी पलीकडच्या खाचराची नासाडी केली. सकाळी मी पोहोचले तेव्हा काका स्वतःच्या बांधावर उकिडवे बसून चिखलातले खुरांचे ठसे बघत होते. डुकरं यांच्या बांधावरून चालत गेली होती, पण आत उतरली नव्हती.

"आली, बघितलं नि गेली," ते म्हणाले. चेहरा पडलेला. मला वाटलं, नुकसान झालं नाही म्हणून.

"होईल काका काहीतरी," मी म्हटलं.

"तसं नाय मॅडम. पन डुकरानं तोंड लावू नये, एवढं काय वाईट हाय का माजं भात?"

त्या वाक्यानं मला पहिल्यांदा कळलं की माणूस बदलतोय. त्यानंतर मी लक्ष ठेवलं. त्यांच्या शर्टाच्या खिशात लोंबी असायची. चहा येईपर्यंत ते ती टेबलावर ठेवून दाणे बघत. शिळफाट्याला भोंग्याची बॅटरी दुरुस्तीला टाकली होती, तिथल्या दुकानदारालाही त्यांनी लोंबी दाखवली. त्यानं बॅटरी दाखवली, यांनी लोंबी. जाहिरातीची दोन कामं त्यांनी परत पाठवली. म्हणाले, गवत काढायचंय.

आणि सप्टेंबरच्या शेवटी मी मोटारसायकलवरून जात असताना नदीकडून एक आरोळी ऐकू आली. "हाऽऽऽ हा हा हाऽऽऽ." रस्त्यावरची गाय थबकली. मी गाडी थांबवली. भाताच्या मधोमध उभे राहून भोंगेवाले, माईक नाही, भोंगा नाही, नुसत्या गळ्यानं पाखरं हाकत होते. आख्खा पोपटांचा थवा उडून नदीपार गेला. वर्षानुवर्षं जपलेलं पेट्रोल ते पाखरांवर ओतत होते. मला बघून ते ओशाळले आणि लगेच कुजबुजले, "लई त्रास देतात."

ऑक्टोबरात कापणी झाली. इथे कापलेलं भात दोन-तीन दिवस शेतातच पसरून वाळू देतात, मग भारे बांधतात. आणि नेमक्या याच दिवसांत परतीचा पाऊस आला तर चार महिन्यांची मेहनत चिखलात जाते. विम्यात त्याचीही भरपाई होती, पण नुकसान झाल्यापासून बहात्तर तासांच्या आत कळवायचं. हे लोकांना सांगायला आम्ही दोघं रिक्षातून फिरत होतो. दुपारचे तीन वाजले असतील. दुसऱ्या वाडीतून बाहेर पडलो आणि माथेरानच्या डोंगराकडे काळं झालेलं दिसलं.

काकांनी माईक मांडीवर ठेवला आणि रिक्षा वळवली. कच्च्या रस्त्यावरून ती अशी हाणली की टपावरचा मागचा भोंगा वाकडा झाला. नदीकडच्या बांधावर रिक्षा लावून ते खाली उतरले. खाचरभर त्यांचं भात सोन्यासारखं पसरलेलं होतं.

मला जूनपासूनची सगळी धडपड आठवली आणि मी म्हणाले, "काका, राहू द्या. हेच तर हवं होतं तुम्हाला."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी म्हाताऱ्याला अजून जिवंत असताना वारला म्हणून जाहीर करायला सांगतेय.

"मॅडम," ते म्हणाले, "उचला."

मी उचललं. त्यांच्या बायकोला फोन केला, त्या धावत आल्या. आम्ही तिघांनी भाताच्या कवळ्या, कवेत मावतील एवढ्या जुड्या, छातीशी धरून वरच्या अंगाला हिराकाकींच्या पडवीत नेऊन टाकल्या. शेवटची कवळी आत टाकली आणि पाऊस कोसळला. एक पेंढी भिजली नाही. काका पडवीत आपल्या भाताला टेकून बसले आणि मोठ्यानं हसले. मग हसता हसता थांबले.

हिराकाकी दारात उभ्या होत्या. त्यांची वरची दोन खाचरं, भात कापून पसरलेलं, आमच्या डोळ्यांदेखत पाण्याखाली चालली होती. मुलं कारखान्यात, त्या एकट्या; शेजारणीकडे बारशाच्या मदतीला गेलेल्या, ढग दिसल्यावर धावत आल्या पण उशीर झाला होता. त्यांच्या पलीकडे शेजारच्या दामूचं भात, त्याच्या पलीकडे आणखी चौघांचं. सगळं तसंच पडलेलं.

काका उठून उभे राहिले. बांधावरच्या रिक्षाकडे बघत राहिले. टपावर दोन भोंगे होते, एक सरळ आणि एक वाकडा.

"मी वाटेनं येताना नुसतं 'भात उचला' एवढं बोललो असतो," ते म्हणाले, "तर निम्म्यांचं वाचलं असतं. तीन वाड्यांतून आलो मी. माईक मांडीवर होता."

हिराकाकी म्हणाल्या, "जाऊ दे रं. ज्याचं भात बाहेर असतं त्याला दुसरं काय सुचत नाय."

पण त्यांना ते जाऊ देता येईना. पाऊस जरा ओसरला तसे ते रिक्षात बसले आणि तिथून पुढचे तीन दिवस खाली उतरले नाहीत म्हटलं तरी चालेल. प्रत्येक वाडीत एकच: "ज्याचं कापलेलं भात भिजलं त्यानं बहात्तर तासांच्या आत फोन करा. फोन लागत नसंल तर माज्याकडं या. आता अडुसष्ट तास उरले." मग साठ. मग पन्नास. एखाद्या वाडीत शिरताना घड्याळ बघून नेमका आकडा सांगायचे. म्हातारी माणसं अंगणात येऊन विचारायची, "आता किती उरले रं?"

फोन ही वेगळीच कथा होती. हिराकाकींना कंपनीच्या फोनवरची बाई म्हणाली, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." काकी म्हणाल्या, "मग उचल ना गं." ती पुन्हा तेच म्हणाली. काकी म्हणाल्या, "ही बहिरी हाय." कुणी चुकीचं बटन दाबायचं, कुणाचा फोन मधेच कटायचा. शेवटी काकांनी आपला फोन स्पीकरवर टाकला आणि माईकजवळ धरला. "मराठीसाठी दोन दाबा" हे त्या बाईनं आख्ख्या वाडीला सांगितलं आणि आख्ख्या वाडीनं आपापल्या फोनवर दोन दाबलं. मी एकेकाचा तक्रार क्रमांक वहीत उतरवत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा घसा बसला. पुरता बसला, हवाच येत होती नुसती. अजून दोन वाड्या राहिल्या होत्या आणि सात तास. मी म्हटलं, मी बोलते. मी माईक घेतला, बोललेही. एक कुत्रं भुंकलं, दुसरं कुणी बाहेर आलं नाही. मग त्यांनी माझ्या हातून माईक घेतला, ओठांना लावला आणि कुजबुजले. भोंग्यातून ती कुजबुज खरखरत बाहेर आली: "सात तास हायत. फोन करा." बायका हातातली भांडी ठेवून दाराशी आल्या. या माणसाचा आवाज गेला म्हणजे काहीतरी भारी घडलंय, असं त्यांना वाटलं असावं. त्या दोन वाड्यांतल्या सगळ्यांचे फोन वेळेत झाले.

पाहणीला कंपनीचा एक तरुण आला. काका त्याच्याबरोबर प्रत्येक खाचरात उतरले. चौथ्या खाचरात त्यानं विचारलं, "तुमचं किती गेलं?"

"काय नाय गेलं," काका कुजबुजले.

"मग तुम्ही कशाला फिरताय?"

"माजं घरात हाय, म्हनून."

त्याला ते कळलं असेल असं वाटत नाही, पण त्यानं पुढे विचारलं नाही.

शिमग्याच्या आधी पैसे जमा झाले. हिराकाकी पासबुक घेऊन नाक्यावर आल्या. काकांनी ते चष्मा लावून वाचलं, मग स्वतः बँकेत जाऊन विचारून आले की हे विम्याचेच ना. खात्री झाल्यावर मला म्हणाले, उद्या बोलतो. साहेबांना हे कळलं, त्यांनी निरोप धाडला: ज्यांना मिळाले तेवढीच नावं घ्या, लाभार्थी म्हणून, चांगलं दिसतं.

काकांनी दोन्ही याद्या वाचल्या. ज्यांना मिळाले त्यांची नावं. मग ज्यांना मिळाले नाहीत त्यांची, आणि का ते: अमक्यानं फोन चौथ्या दिवशी केला, तमक्याचं भात कापलेलं नव्हतं, एकाचं कारण कंपनीनं सांगितलं नाही, मॅडम विचारतायत. शेवटी म्हणाले, "मी सवता विमा उतरवलेला. मला काय मिळालं नाय, कारन माजं काय गेलं नाय. माजं भात पोत्यात हाय." लोक अंगणात उभे राहून हसले. पण दुसऱ्या यादीतल्या दोघांनी दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे येऊन विचारलं, पुढच्या वेळी नेमकं कधी नि कसं कळवायचं. इतक्या दिवसांत मला आपण होऊन कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत नियम बदलले. एक रुपया गेला. शेतकऱ्यानं स्वतःचा हिस्सा भरायचा झाला. कापून ठेवलेलं भात भिजलं तर मिळायची ती भरपाईही गेली. आता महसूल मंडळातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या, ठराविक शेतांत कापणी करून सरासरी काढणार आणि ती घसरली तरच सगळ्यांना मिळणार. हे सांगायला मी काकांकडे गेले. त्यांनी एक दुपार घालवून सगळं समजून घेतलं. सरासरी म्हणजे काय ते तीनदा विचारलं. मग रिक्षा काढली आणि वाडीवाडीत सांगून आले: "मागल्या साली मी जे बोललो ते आता तसं नाय. पैसे जास्त पडतील नि भिजलेल्या भाताचं वेगळं काय मिळनार नाय." माणसांनी विचारलं, मग घ्यायचा की नाही? ते म्हणाले, "तुमचं तुमी ठरवा. सगळं सांगितलंय."

मी मनातून त्या वर्षाची आशा सोडली होती. जुलैतल्या एका सकाळी सेवा केंद्रावर गेले, तर दार उघडायच्या आधीच पायरीवर काका बसलेले. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात सातबारा आणि करार. हिराकाकींचं तेच नदीकडचं खाचर त्यांनी पुन्हा घेतलं होतं, यावेळी तीन वर्षांसाठी. त्यांच्यामागे पायरीपासून वडाच्या झाडापर्यंत माणसं होती. गेल्या वर्षीएवढी नाहीत, पण होती.

"काका," मी म्हटलं, "आता काय तपासायचं राहिलंय? पैसे मिळतात हे कळलं, कधी मिळत नाहीत तेही कळलं. तुमची तर यंदाची जाहिरातही करून झाली."

"तपासायचं काय नाय मॅडम." त्यांनी सातबाऱ्याच्या कागदावरचा चिखल अंगठ्यानं पुसला. "मागल्या साली भात बुडलं तर बरं, असं म्हनत होतो. तेवा गाढ झोप लागायची. आता जरा नदीचा आवाज वाढला की उठून बसतो."

"शेतकऱ्याचं तसंच असतं," हिराकाकी मागून म्हणाल्या. "सरक पुढं, दार उघडलं."